धणे दिसतील असा दिवा

गोदा केणेच्या स्वयंपाकघराच्या छताला पाच भोकं होती आणि पाचही भोकांत दिवे होते. घर लावायचं काम चालू होतं तेव्हा इंटिरियरवाल्यानं सांगितलं होतं, की हल्ली भिंतीला ट्यूबलाईट कोणी लावत नाही, उजेड छतातून खाली सोडतात. “आमच्या जुन्या घराला पण छपरातूनच उजेड यायचा,” गोदा म्हणाली होती. “तेव्हा सगळे म्हणायचे, कौलं फुटलीत.” इंटिरियरवाला हसला आणि भोकं पाडून गेला.

इमारत डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. तिच्या जागी केण्यांचं भातशेत होतं. बिल्डरनं शेत घेतलं, बदल्यात फ्लॅट दिले आणि पाटीवर नाव लावलं ‘ग्रीन मेडोज’. म्हणजे जे नाहीसं केलं, त्याचंच नाव ठेवलं. गावात याला कोणी विनोद मानलं नाही. शेजारचा तुकडा धाकट्या दिराचा. त्याची इमारत इतकी जवळ उठली, की गोदानं ओट्याजवळच्या खिडकीतून हात लांब केला तर धाकटी जाऊ विमला हिच्या खिडकीतला कढीपत्ता हाताला लागे. शेत होतं तेव्हा मधल्या बांधावरून भावाभावांत वाद झाला होता. आता बांध हवेत गेला होता, आणि भर दुपारीही दिवे लावल्याशिवाय गोदाला जिरं कुठलं नि ओवा कुठला, ते कळत नव्हतं.

दिवे हॅलोजनचे होते. पिवळे, आणि तापट. वर्षातून एकदोन तरी जायचेच, आणि मग स्टुलावर कोणी चढायचं यावर चर्चा व्हायची. घरात पुरुष दोन. नवरा धाकू, त्याचे गुडघे गेलेले. आणि मुलगा प्रितम, ऐरोलीच्या कंपनीतून घरी आला की तोच गेलेला असायचा. त्यामुळे शेवटी सून रुपाली चढायची. बाकी वेळ त्या दिव्यांखाली उभं राहून पोळ्याही तीच लाटायची. “डोक्यावर ऊन घेऊन स्वयंपाक करायचा तर शेतातच बरं होतं,” असं ती म्हणायची. ती साताऱ्याकडची. तिनं शेत पाहिलेलं होतं.

पण त्या दिव्यांचं आणि गोदाचं जे नातं होतं, ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. निदान गोदाची तशी समजूत होती.

ते नातं कळायला आधी ‘बस’ म्हणजे काय ते सांगायला हवं.

केण्यांच्या भावकीत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतो. मिरच्या गच्चीवर वाळतात. धणे, खसखस, दगडफूल, मिरी एकेक करून भाजतात. सगळं डंकावर कुटायला जातं. निवडायला, पाखडायला हात पुष्कळ. पण कढईतला जिन्नस नेमका कधी उतरवायचा, हे सांगायचं काम एकीचं. ती ‘बस’ म्हणाली की गॅस बंद. लवकर म्हणाली तर मसाला कच्चा राहतो आणि पावसाळ्यात जाळी धरतो. उशिरा म्हणाली तर कडू होतो, आणि मग भावकीतलं प्रत्येक घर वर्षभर कालवणागणिक तिची आठवण काढतं. ही नेमणूक कुठं लिहिलेली नाही. तिला पगार नाही आणि निवृत्तीचं वयही नाही.

गोदाच्या आधी हे काम तिच्या सासूकडं होतं. सासू कढईपासून चार हात लांब, उंबऱ्यात मिसरी लावत बसायची आणि तिथूनच ‘बस’ म्हणायची. एका वर्षी तिनं मिसरीचं बोट तोंडातून काढलं नाही. नुसती मान गोदाकडं वळवली. सगळ्या बायकांनी गोदाकडं पाहिलं. गोदानं वास घेतला आणि ‘बस’ म्हटलं. एवढाच समारंभ.

पुढं गोदाच्या नाकाच्या गोष्टी झाल्या. रस्त्यानं जाताना कोणाच्या कालवणात कोकम आणि कोणाच्यात चिंच, ते ती सांगायची. एका लग्नात मटणाच्या डेगीचं झाकण निघायच्या आधी तिनं “हळद जास्त पडली” म्हटलं. तेव्हापासून तो आचारी गोदाबाय येणार का, ते विचारून मगच काम घ्यायचा, असं म्हणतात. धाकू या गोष्टी पाहुण्यांना सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, “मना मात्र मीठच कळतं.” त्याचा बाप आयुष्यभर मिठागरात होता. मिठाबद्दल धाकूच्या शब्दाला घरात मान होता आणि बाकी पदार्थाबद्दल त्याला कोणी विचारत नसे.

तर हे नाक गेलं.

तोंडाला फडकी बांधून फिरायच्या त्या साथीच्या वर्षी घरात सगळ्यांना ताप आला, सगळ्यांचा वास गेला आणि सगळ्यांचा परत आला. गोदाचा आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. कदाचित अजूनही तेच म्हणतील. गोदा परत विचारायला गेली नाही. जिभेला खारट, आंबट, कडू, तिखट कळायचं, पण त्यापलीकडचं काही नाही. चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव आठवू नये, तसं प्रत्येक घासाला व्हायचं. एकदा ती टीव्हीसमोर भेंडी चिरत बसली होती आणि दहा पावलांवर दूध करपून पातेलं काळं झालं. रुपाली धावत आली. “डोळा लागला गो,” गोदा म्हणाली. हातात सुरी होती आणि भेंडी निम्मी चिरलेली. रुपालीनं पातेल्याकडं पाहिलं, भेंडीकडं पाहिलं. “असू दे आई,” म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं.

गोदानं कोणालाच सांगितलं नाही. नाक ही काही लपवायची वस्तू नव्हे. ते चेहऱ्याच्या मधोमध असतं. बहुधा म्हणूनच कोणाला संशय आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं डोळे कामाला लावले. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात धणे आधी वाळक्या गवतासारखे दिसत, मग गव्हाळ होत, आणि मग एका क्षणी गुळाच्या ढेपेच्या कडेसारखे. तोच क्षण. ती आधी नाकानं मोठा श्वास घ्यायची, मग डोळ्यांनी नीट बघायची, मग ‘बस’ म्हणायची. यातली पहिली पायरी लोकांसाठी होती. मसाला चांगला झाला. त्याच्या पुढच्या वर्षीही झाला, त्याच्याही पुढच्या वर्षी झाला. रुपाली परात धरून उभी असायची, गोदा ‘बस’ म्हणायची, कढई परातीत रिकामी व्हायची. परात धरणं हे काम रुपालीचं, कारण साताऱ्याकडच्या सुनेला आगरी मसाल्यात याहून वरचं काम द्यायची पद्धत नव्हती. गोदाला वाटायला लागलं, की नाकाचं लोकांनी उगाच कौतुक केलं. खरं काम डोळ्यांचंच असतं.

यंदा चैत्रात रुपाली गावच्या जत्रेसाठी माहेरी गेली. ती यायच्या आत तिच्या डोक्यावरचं ऊन उतरवायचं, असं प्रितमनं ठरवलं आणि पाचही भोकांत पांढरे एलईडी आणून बसवले. स्टुलावर तो स्वतः चढला. हे नोंद घेण्यासारखं होतं. धाकू खुर्ची घेऊन बघायला बसला.

“बघ आई, काय लखलखाट!”

“दवाखान्यावानी वाटतंय रे.”

“दवाखान्यातच तर नीट दिसतं. आणि आता वीस वर्षं बघायला नको. बॉक्सवर लिहिलंय.”

धाकूनं रिकामा खोका उलटसुलट करून पाहिला. “वीस वर्षं चालतो हे ज्यानं बघितलं, तो खोक्यावर लिवायला परत कसा आला?”

“बाबा, ते टेस्ट करतात.”

“वीस वर्षं?”

प्रितमनं स्टूल जागेवर ठेवलं आणि विषय संपवला.

त्या रविवारी खाडीचा जिताडा मासा आला होता. गोदानं वाटणासाठी मूठभर धणे कढईत टाकले आणि बघत राहिली. धणे गवतासारखे दिसले. मग राखाडी दिसले. गव्हाळ होईनात. गुळाची कड तर कुठंच दिसेना. आता होतील, आता होतील म्हणत तिनं कालथा फिरवत ठेवला. धूर दिसला तेव्हा गॅस बंद केला.

जेवताना प्रितमनं पहिला घास घेतला आणि पाण्याचा ग्लास उचलला. “आई, कडू लागतंय का गं थोडं?”

गोदानं चाखलं. कडू जिभेला कळतं. चांगलंच कळलं.

“मीठ बरोबर हाय,” धाकू म्हणाला.

पंधरवड्यावर मसाला आला होता. आणि यंदाचा मसाला साधा नव्हता. विमलाच्या धाकट्या लेकीचं, प्राचीचं लग्न होतं. हळदीला सगळा गाव मटण जेवणार, ते याच मसाल्यात. तो कडू निघाला तर एका कढईचा विषय राहणार नव्हता. गोदाबायचं नाक गेलं, हे हळदीच्या मांडवात, बँडच्या आवाजावर आवाज काढून, एकमेकांच्या कानात सांगितलं जाणार होतं. आणि मान कोणाकडं वळवायची, हे गोदानं अजून ठरवलेलं नव्हतं. विमला तयारच होती. ती तर कोणी मान न वळवताही पुढं आली असती.

“ते जुने बल्ब कुठं टाकलेस?” तिनं प्रितमला विचारलं.

“भंगारात. का?”

“काय नाय. सहज.”

मग गोदानं शोध सुरू केला.

बरणीत गेल्या वर्षीचे, बरोबर भाजलेले धणे मूठभर उरले होते. ते तिनं छोट्या स्टीलच्या डबीत घेतले आणि नव्या दिव्याखाली धरले. करडे दिसले. डबी घेऊन ती गॅलरीत गेली. उन्हात तेच धणे तांबूस, गुळाच्या कडेसारखे. परत आत आणले, करडे. म्हणजे धणे तेच होते. हातसुद्धा तोच होता. उजेड वेगळा होता. आजवर गोदाला उजेड म्हणजे एक तर असतो किंवा नसतो, एवढंच माहीत होतं. तो असूनही वेगवेगळा असू शकतो, ही बातमी होती, आणि या वयात आपल्याला नवी बातमी मिळावी याचं तिला भीतीतही बरं वाटलं.

पुढचे काही दिवस ती डबी घेऊन उजेड तपासत हिंडली. बाथरूमच्या बल्बखाली धणे शेवाळल्यासारखे दिसले. देव्हाऱ्यातल्या समईपुढं सोन्याचे झाले. पण ते सगळंच होतं. फ्रिजमधल्या दिव्यात बरे दिसत होते, पण फ्रिज उघडा ठेवून मसाला भाजायची रीत अजून पडलेली नाही. लिफ्टमध्ये ती डबी उघडून उभी असताना वॉचमननं दार उघडलं आणि “प्रसाद का?” म्हणून हात पुढं केला. तिनं चार धणे दिले. त्यानं ते डोळ्यांना लावून खाल्ले.

खिडकीतून विमलाची नजर होतीच. “वयनी, डबीत काय शोधतेस गो रोज?”

“किडा हाय का बघतंय.”

“धण्यात किडा? मग यंदा धणे मी आणू का?”

“तू मुलीचं लगीन बघ.”

डबीतले धणे कढईशेजारी ठेवून रंग जुळवता आला असता. पण नाकावर चालणारी बाई शेजारी नमुना ठेवून भाजायला लागली, तर विमलाला दुसऱ्या पुराव्याची गरजच नव्हती. शिवाय डबीत फक्त धणे होते. मिरचीचा, खसखशीचा नमुना कुठून आणायचा?

मिरच्या घ्यायला ती दर वर्षी कल्याणच्या बाजारात जायची. यंदाही गेली, पिशव्या धरायला धाकू होता. संकेश्वरी, बेडगी, काश्मिरी घेऊन झाली आणि परतताना, मसाल्याची दुकानं संपून पंखे आणि वायरी सुरू होतात तिथं ती थांबली. राकेश नावाच्या तरुणाचं इलेक्ट्रिकचं दुकान. भिंतीवरच्या फळीला ओळीनं बल्ब लावलेले, प्रत्येकाखाली बटण.

“बोला मावशी, कसला पाहिजे? किती वॅट?”

“धणे दिसतील असा.”

राकेशनं तिच्याकडं पाहिलं, मग धाकूकडं. धाकूनं मान हलवली. म्हणजे बरोबर ऐकलंस. गोदानं काउंटरवर डबी उघडून ठेवली.

“म्हणजे... वॉर्म दाखवू, कूल दाखवू, की न्यूट्रल?”

“त्यांची नावं मना कशाला? एकेक लावून दाव.”

त्यानं पांढरा लावला. “ह्यात मेलेत,” गोदा म्हणाली. पिवळा लावला. ती डबीवर वाकली. गुळाची कड परत आली होती. मग पिशवीतून बेडगी मिरची काढून त्याच उजेडात धरली, तर ती विटेसारखी दिसली. “धणे बरे हायेत, पण मिरची आजारी.” राकेशनं मधला लावला. मिरची सुधारली, धणे जरा उतरले. एव्हाना तो काउंटरच्या बाहेर येऊन स्वतःच वाकून बघत होता. वायर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं न विचारता दोन धणे उचलले, चोळले, नाकाशी नेले आणि म्हणाला, “काय मस्त भाजलेत हो! कुठं मिळाले?” गोदा त्याच्या नाकाकडं बघत राहिली. किती सहज केलं मेल्यानं.

“एकच जिन्नस, आणि तीन दिव्यांत तीन?” तिनं राकेशला विचारलं.

“तेच तर आहे मावशी. सोनार पिवळा नेतो, चांदीवाला पांढरा नेतो. मटणवाले लालसर मागतात, मटण ताजं दिसतं. साडीवाला तर माल बदलला की दिवा बदलतो.”

“म्हंजे दिवा खोटं बोलतो?”

“खोटं नाही हो. ज्याचा धंदा, त्याच्या बाजूनं बोलतो.”

“मिठाला कुठला लागतो?” धाकूनं विचारलं.

राकेश विचारात पडला. “मिठाला कुठलाही चालेल काका. मीठ पांढरंच.”

धाकूचं समाधान झालं. घरी जाईपर्यंत रिक्षात तो हे वाक्य दोनदा म्हणाला.

शेवटी राकेशनं तोडगा काढला. “मावशी, थ्री-इन-वन न्या. बटण दाबलं की मधला. बंद करून परत दाबा, पिवळा. परत दाबा, पांढरा. एकाच बल्बात तिन्ही.”

“तीन तोंडांचा?”

“तसंच समजा.”

“माणसं बघितलीत तशी. दिवा पहिल्यांदाच बघतंय,” गोदा म्हणाली आणि पाच घेतले.

रुपाली गावाहून परतली होती. पांढरा लखलखाट बघून तिनं प्रितमचं कौतुक केलं होतं. आता सासूनं नवे खोके पुढं केले तेव्हा ती थोडी थांबली. “आई, हे आत्ताच बदललेत ना ह्यांनी?”

“ते डोळ्यांना खुपतात.”

रुपालीनं स्टूल ओढलं, बटण बंद केलं आणि एकेक बल्ब फिरवून काढला, फिरवून बसवला. बटण चालू-बंद करून तिन्ही रंग पाहिले आणि पिवळ्यावर थांबली. “हा बरा,” ती वरूनच म्हणाली. “धण्यांना.”

धण्यांचं नाव आपण काढलं नव्हतं, हे गोदाच्या लक्षात आलं. पण स्टुलावरच्या माणसाशी बोलत बसू नये, पडतं.

मसाल्याच्या दिवशी सकाळपासून बायका जमल्या. हॉलमध्ये मिरच्यांची देठं काढणाऱ्या, ओट्याशी निवडणाऱ्या, आणि कशालाही हात न लावता सगळ्यावर मत देणारी विमला. धाकूला जाळीच्या दारापलीकडं, गॅलरीत बसवलं होतं. मोठी कढई चढली. दिवे पिवळे होते. गोदानं पहिला घाणा टाकला, श्वास घेतला, बघितलं. गवत, गहू, गुळाची कड.

“बस.”

कढई परातीत रिकामी झाली. विमलानं दोन धणे दाताखाली फोडले आणि काही बोलली नाही. विमला काही बोलली नाही, म्हणजे उत्तम.

दुसरा घाणा निम्म्यावर आला आणि दिवे डोळा मिटून उघडावा तसे गेले आणि आले. पंख्याचा सूरही मोडला नाही. उन्हाळ्यात वीज असं करते. कोणी वरसुद्धा बघितलं नाही. पण दिवे आले ते पांढरे होऊन आले.

गोदाच्या हातातला कालथा फिरत राहिला. कढईत राख फिरत होती. आत्ता गहू होता. आता गहू आहे, की गहू होऊन गेला, की गूळसुद्धा होऊन गेला? तिनं मोठा श्वास घेतला. वर्षानुवर्षं लोकांसाठी घेत होती तो नव्हे, खरा. आत नुसती गरम हवा गेली. बटण फ्रिजच्या पलीकडं होतं आणि मध्ये चार बायका बसल्या होत्या. दिवा पिवळा करा म्हणावं, तर विमला विचारणार, का? वास घ्यायला दिवा कशाला?

तिनं नजर खाली केली. तिथं परात होती.

परातीची कड ओट्याला टेकलेली होती. रुपालीनं ती आत्ताच, काही न बोलता, पुढं सरकवली होती. रुपाली कढईकडं बघत नव्हती, सासूकडंही नव्हती. खिडकीतून विमलाच्या कढीपत्त्याकडं बघत होती.

“बस,” गोदा म्हणाली.

धणे परातीत पडले. विमलानं दोन फोडले. चावले. परत दोन घेतले, आणि या वेळी खाऊन टाकले. “वयनी, तुझा नाक काय बाय,” ती म्हणाली. विमलाच्या तोंडून हे निघायला लग्नघर लागलं.

गोदाला ते नीट ऐकू आलं नाही. ती मागचे उन्हाळे आठवत होती. परात कधी यायची? ‘बस’ म्हटल्यावर? की आधी? कढईपाशी उभं असताना परातीकडं कोण बघतं? पण आठवायला गेलं तर कढई उतरवताना परात कधी शोधावी लागली नव्हती. ती असायचीच. आधी गूळ दिसायचा आणि मग परात यायची, की परातीची कड ओट्याला लागली की मग गोदाला गूळ दिसायचा? मग तिला जिताड्याचं कालवण आठवलं. त्या रविवारी दिवे नवे होते, हे तिनं धरलं होतं. त्या रविवारी रुपाली माहेरी होती, हे धरलंच नव्हतं. तिनं सगळ्या घरातले उजेड तपासले, लिफ्टमधला तपासला, कल्याणला जाऊन तीन तोंडांचा दिवा आणला. आणि तेव्हा घरात आणखी काय कमी होतं, ते मोजायचं राहून गेलं.

करपलेलं दूध, निम्मी भेंडी. “असू दे आई.”

रुपाली परात रिकामी करून परत आली. तिनं दिव्यांकडं पाहिलं आणि बटणाकडं निघाली. “पिवळे करते.”

“राहू दे,” गोदा म्हणाली.

“आई, पांढरे आहेत.”

“बघितलं मी. राहू दे.”

आता मिरची होती; सगळ्यात अवघड. धणे चुकले तर कडू होतात, मिरची चुकली तर काळी पडते आणि घरभर खोकला. गोदानं कढईत मिरच्या टाकल्या, कालथा धरला आणि मान वर करून खिडकीबाहेर बघायला लागली. कढईकडं मुळीच बघितलं नाही. भीती होती, पण आता भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. काय होतं ते बघायचं होतं.

“वयनी, खाली बघ गो!” विमला ओरडली. “प्राचीच्या हळदीचा मसाला हाय तो!”

“मी काय डोळ्यांनी भाजतंय?” गोदा म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. सासू तर उंबऱ्यात पाठ करून बसायची, असं एकीनं नव्या सुनांना सांगितलं.

कालथा फिरत राहिला. हॉलमध्ये कोणीतरी शिंकलं. मग ओट्यावर परातीची कड टेकल्याचा आवाज झाला, हलकासा.

गोदानं ‘बस’ म्हटलं नाही. एवढा एक प्रश्न राहिला होता. तोही विचारून घ्यावा, असं तिला वाटलं. परात नेहमी इथं यायचीच की काय, जिन्नस होवो न होवो? ती थांबली. कालथा आणखी एकदा फिरला.

परात ओट्यावर आपटली. ठण्णकन्.

“बस, बस,” गोदा घाईघाईनं म्हणाली.

मिरच्या परातीत पडल्या. विमला वाकली, एक मिरची उचलून उजेडाला धरली, वास घेतला. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. “बरोबर हाय,” ती म्हणाली, आणि मग न राहवून, “पण परात कशाला आदळतेस गो रुपाली? चेंबेल ना!”

“हातातून सटकली, काकी,” रुपाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते; पांढऱ्या उजेडातसुद्धा दिसत होते.

गोदानं कढई पुसली. पुढचा घाणा खसखशीचा. तिनं कालथा धुतला, पदरानं कोरडा केला आणि रुपालीच्या हातात दिला. स्वतः स्टूल ओढून परातीपाशी बसली.

“कंबर दुखते माझी,” ती बायकांना म्हणाली. “हिला फिरवू दे जरा. मी हाय इथंच.”

रुपाली कढईपुढं उभी राहिली. दिवे अजून पांढरेच होते. गॅलरीतून धाकूनं विचारलं, मसाल्यात मीठ घालायला त्याला कधी बोलावणार. खसखस कढईत वाळूसारखी सरकत होती आणि सगळ्या बायका सवयीनं गोदाकडं बघत होत्या. गोदानं मान हळूच रुपालीकडं वळवली.